एकाच सरोवरातली गोगलगाय: ती संपली तर आपलं काय जातं?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात नववीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात प्रदेशनिष्ठ प्रजाती, म्हणजे ठरावीक जागा सोडून जगात कुठंच न सापडणारे जीव, हा भाग चालला होता. नेहमीची उदाहरणं सोडून मी निओथॉमा या गोगलगायीचं उदाहरण दिलं. पूर्ण नाव निओथॉमा टांगानिसेन्से. एडगर स्मिथ या इंग्रज शंखतज्ज्ञाने १८८० साली तिची नोंद केली. आज ती जिवंत सापडते ती फक्त आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, आमच्या आबांनी बादल्या भरभरून गोगलगायी मारल्या. साहेब लोकच सांगून गेले होते मारा म्हणून. मग तिकडची एक जात संपली तर काय बिघडलं?" वर्ग हसला. ती हसली नाही, तिला खरंच उत्तर हवं होतं.

पुस्तकी उत्तर मला येतं, अन्नसाखळी वगैरे. पण ते सांगून तिचं समाधान होणार नाही, आणि माझंही नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?

सोयाबीनवाला
मॅडम, पोरगी बरोबर बोलली. औसा तालुक्यातून लिहितोय. २०२२ चा खरीप आठवला तरी पोटात गोळा येतो. सोयाबीन उगवून दोन पानावर आलं आन् रातीतून तास गायब. सकाळी बघावं तर काळ्या रानावर नुसते चकचकीत वाळलेले पट्टे, चिकटाचे. दिवसा एक दिसत नव्हती, समद्या बांधाच्या गवतात आन् दगडाखाली. मग गुळाच्या पाण्यात बारदाना भिजवून सांजच्याला रानात ठिवायचा, पहाटं उचलायचा. एका पोत्याखाली घमेलंभर निघायच्या. मिठाच्या पाण्यात टाकायच्या. बांधाच्या कडंनं चुना मारला, पाऊस आला की चुना वाहून जायचा. आमच्यात लै जणांनी दुबार पेरलं, काहींनी तिबार.

गोगलगायीचं कौतुक ऐकायला मन धजत नाही बगा. राग मानू नका.

निवांत
गोगलगाय अन् पोटात पाय!

पूर्णाकाठ
@सोयाबीनवाला, राग कसला दादा. त्या मुलीचे आबा तुमच्याच पंगतीतले.

@निवांत, ही म्हण मी वर्गात नेहमी वापरते. पुस्तकात या प्राण्यांच्या वर्गाचं नाव उदरपाद आहे, म्हणजे पोटच ज्याचं पाऊल आहे तो. आपल्या म्हणीत ते निरीक्षण आधीपासून आहे, हे सांगितलं की मुलांना तो शब्द पाठ करावा लागत नाही.

किगोमा ते केज
धागा बघून राहवलं नाही. मूळचा केजचा, पण टांझानियात रस्त्याच्या कामावर अडीच वर्षं किगोमाला होतो. किगोमा टांगानिकाच्या काठावरच आहे. तिथून उजिजी अगदी जवळ. स्टॅन्लीला शोधप्रवासी लिव्हिंगस्टन सापडला तेच उजिजी, १८७१ साल.

पहिल्यांदा सरोवर बघितलं तेव्हा वाटलं समुद्रच. पलीकडचा काठ कांगोचा, तो हवा स्वच्छ असली तरच दिसायचा, निळ्या डोंगराची रेघ. अमावास्येच्या आसपास रात्री पाण्यावर दिव्यांची रांग लागायची. दिवे लावून डागा नावाचा बारका मासा पकडतात. सकाळी तो वाळूवर पसरून वाळवतात, वास अगदी आपल्या सुकटीचा. मला तर घरची आठवण यायची.

आता शंखांचं. किनाऱ्यावर निओथॉमाचे रिकामे शंख पडलेले असायचे. साधारण दोन इंचांचे, गोलसर, टोकाकडं निमुळते, जाड, तोंड मोठं. बहुतेक पांढरट किंवा भुरकट झालेले. एकदा बोटीवरच्या पोरानं बुडी मारून ओंजळभर वर आणले. त्यातला एक मी हातात धरला तर आतून काहीतरी वळवळलं. बघतो तर इवला मासा! पोरगा हसला आणि शंख पुन्हा पाण्यात सोडायला लावला. तळाशी या शंखांचे थरच्या थर पडलेत, मैलोन्‌मैल, आणि माशांच्या काही जातींचं घर म्हणजे तो शंख. तिथले लोक एक गोष्ट मात्र बजावून सांगायचे, गवताळ, संथ काठाला पाण्यात उतरू नका, बिलहार्झिया हा कृमींचा आजार होतो. तो पसरवणारीही गोगलगायच, पण वेगळी.

काचपेटी
दादा, तुम्ही माझ्या दुखऱ्या नव्हे, सुखाच्या नसेवर बोट ठेवलं. मी नांदेडला राहतो आणि गेली सहा वर्षं टांगानिकाचे शंखवासी मासे पाळतो. माझ्याकडं 'मल्टी' आहेत, निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, अंगावर उभे पट्टे. सिक्लिड कुळातल्या सगळ्यात लहान माशांमध्ये तो मोडतो.

हे मासे काय करतात ते सांगतो. शंखाच्या भोवतीची वाळू तोंडात घ्यायची, दूर नेऊन थुंकायची, परत यायचं. दिवसभर. हळूहळू शंख खड्ड्यात बसतो, फक्त तोंड उघडं राहतं. अंडी आत घालतात. मग एका संध्याकाळी दिवा लावायला जावं तर शंखाच्या काठाशी तांदळाच्या कणीएवढी पिल्लं, नुसते डोळे दिसतात. मी हलकेच हात वर केला तरी सगळी आत.

त्या सरोवरातच कॅलिप्टेरस नावाचा आणखी एक मासा आहे. त्याचा नर मादीच्या सरासरी बारापट वजनाचा. तो रिकामे शंख तोंडात धरून आपल्या जागेवर आणून ढीग लावतो. माद्या त्या ढिगातल्या शंखात शिरून अंडी घालतात. नर इतका मोठा की त्याला शंखात शिरताच येत नाही, आणि मादी इतकी लहान की बरोबर मावते. म्हणजे माशाच्या जातीचं माप त्या गोगलगायीच्या शंखानं ठरवलंय!

त्या मुलीला हेच सांगा मॅडम. गोगलगाय मेल्यावरही तिचं काम संपत नाही. तिथलं पाणी अल्कधर्मी, सामू (पीएच) ९ च्या आसपास, त्यामुळं शंख विरघळत नाहीत. तळातले काही शंख शेकडो वर्षं जुने निघालेत. एका गोगलगायीनं बांधलेलं घर माशांच्या कितीतरी पिढ्या वापरतात.

रोखठोक
सगळं मान्य. पण मी लातूरकर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा रांगेत उभा होतो. ज्या भागात माणसाला पाणी नाही तिथल्या पोरांनी आफ्रिकेतल्या गोगलगायीची काळजी करायची, हे मला पटत नाही. तिकडच्या सरकारांनी बघावं. आपल्या मुलांना आपलं पाणी, आपली माती शिकवा.

काळा पाषाण
रोखठोक, तुमची कळकळ समजते, पण आपलं पाणी समजायलाच दुसऱ्या पाण्याची तुलना लागते. भूगर्भशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

टांगानिकाचं आकारमान सुमारे १८,९०० घन किलोमीटर. आपला नाथसागर काठोकाठ भरला तर साधारण १०२ टीएमसी, म्हणजे २.९ घन किलोमीटर. भागून बघा, टांगानिकात साडेसहा हजार नाथसागर मावतात. लांबी ६७० किलोमीटरच्या घरात, खोली सर्वांत जास्त तिथं १,४७० मीटर. बैकल सोडलं तर जगात इतकं खोल सरोवर नाही.

पण खरी गोष्ट वयाची आहे. आफ्रिकेचं भूकवच तिथं फाटतंय. त्या खचदरीत पाणी साठून हे सरोवर झालं, त्याला ९० लाख ते १ कोटी २० लाख वर्षं झाली असं मानतात. बहुतेक सरोवरं गाळानं भरून काही हजार वर्षांत संपतात. हे टिकलं, कारण तळ खचतच राहिला. इतका काळ एकाच पाण्यात अडकून पडलेला जीव बाहेरच्या भावंडांपेक्षा वेगळा होणारच.

आपल्याकडं तसं का नाही? आपला बहुतेक मुलूख दख्खनच्या लाव्ह्याचा. नद्यांनी तो कोरला, पाणी साठून राहायला जागा ठेवली नाही. मराठवाड्यातली बहुतेक तळी माणसानं बांधलेली. नाथसागर १९७६ चा, म्हणजे माझ्या थोरल्या लेकीच्या वयाचा. तिथं नवी जात तयार व्हायला वेळच मिळालेला नाही.

निवांत
आणि लोणार?

काळा पाषाण
लोणार बुलढाण्यात, आपल्या जालन्याच्या शेजारी. उल्कापाताने झालेलं विवर. वयाचे अंदाज वेगवेगळे आहेत, त्यातला सर्वांत मोठा ५ लाख ७० हजार वर्षांचा. टांगानिकापुढं तेही लेकरूच. पाणी अतिशय खारट आणि अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळं. जागा अनमोल आहे, पण गोष्ट वेगळी आहे.

एक भर घालतो, मॅडमना आवडेल. १८५८ मध्ये बर्टन आणि स्पीक हे दोघं इंग्रज टांगानिकाला पोचले. स्पीकने तिथले शंख गोळा करून नेले. पुढच्याच वर्षी वुडवर्ड या शंखतज्ज्ञाने त्यांचं वर्णन केलं. शंख बघून तज्ज्ञ चक्रावले, कारण ते गोड्या पाण्यातल्यांसारखे दिसेनात. जाड, नक्षीदार, काहींना काटे, थेट समुद्रातले वाटावेत असे. १८९० च्या दशकात जे. ई. एस. मूर हा इंग्रज जीवशास्त्रज्ञ दोनदा तिथं गेला आणि म्हणाला, हे सरोवर म्हणजे जुन्या समुद्राचा तुटून राहिलेला तुकडा आहे.

ते चूक निघालं. समुद्र तिथं कधी नव्हताच. शंख जाड झाले ते खेकड्यांमुळं. सरोवरात फक्त तिथंच सापडणारा, मोठ्या नांग्यांचा खेकडा आहे, तो शंख फोडून गोगलगाय खातो. शंख जाड होत गेले, खेकड्याची नांगी दणकट होत गेली. जिवंत गोगलगायींच्या शंखावर फुटून पुन्हा सांधलेल्या जागा दिसतात, म्हणजे हल्ल्यातून वाचल्याच्या खुणा.

पूर्णाकाठ
सर, हा मूर म्हणजे फार्मर आणि मूर मधला मूर ना? १९०५ मध्ये अर्धगुणसूत्री विभाजनाला ज्यांनी मायोसिस हे नाव रूढ केलं ते? मी दरवर्षी मायोसिस शिकवते आणि हा माणूस टांगानिकाच्या काठावर गोगलगायी वेचत होता हे आज कळतंय!

काळा पाषाण
तोच. उद्या वर्गात दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

गोदामाई पैठण
आमचं घराणं मासेमारीचं, नाथसागर झाल्यापासून. गोगलगायी जाळ्यात रोजच येतात, आम्ही झटकून टाकतो. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की गाळपेऱ्यात उघड्या पडतात आणि मग मुग्धबलाक पक्षी येतात. त्याच्या दोन चोचींच्या मधे फट असते, लांबून वाटतं चोच मोडलीय. मोठी गोल गोगलगाय अशी काय धरतो की कवच तसंच राहतं आणि आतला जीव निघतो. सकाळी त्या जागी रिकामी कवचं पडलेली असतात, काही तर झाकणासकट.

रोखठोक भाऊंना एवढंच सांगतो. या पक्ष्यांना बघायला लोक लांबून येतात, गोगलगायीला बघायला कोणी येत नाही. पण ती नसेल तर पक्षी कशाला उतरेल?

गुरांचा डॉक्टर
माझं म्हणणं थोडं वेगळं. गोगलगाय या एका शब्दात आपण फार वेगवेगळे जीव कोंबतो आणि घोटाळा तिथंच होतो.

सोयाबीनवर आली ती जमिनीवरची आफ्रिकन गोगलगाय, अकॅटिना. पाण्यात बुडली तर मरते. आपल्या डबक्यात, पाणंदीच्या नाल्यात असते ती लिम्निया, पातळ कवचाची. तिच्यातून गुरांना यकृतातले चपटे कृमी होतात. जनावर खंगतं, जबड्याखाली पाणी उतरतं. मी दर हिवाळ्यात अशी म्हैस बघतो आणि मालकाला सांगतो, डबक्याच्या काठचं गवत घालू नका. आणि विहिरीत, बारवेत, तळ्यात दिसते ती हिरवट कवचावर काळपट पट्टे असलेली तिसरी. ती पिकाला तोंड लावत नाही, शेवाळ आणि कुजका गाळ खाते.

आता ऐका. ही तिसरी म्हणजे बेलामिया बेंगालेन्सिस, आणि टांगानिकाची निओथॉमा, दोघी एकाच कुळातल्या. व्हिव्हिपॅरिडी. म्हणजे मुलीच्या गावातल्या बारवेत निओथॉमाची चुलत बहीण बसलेली आहे.

@सोयाबीनवाला, दादा, गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकता तेव्हा कुत्री आणि कोंबड्या लांब ठेवा. दर साली एक तरी कुत्रं तडफडत माझ्याकडं येतं.

सोयाबीनवाला
व्हय डॉक्टर, गोळ्या बांधावर टाकताना ध्यानात ठिवीन.

पर एक इचारतो. ही आफ्रिकन आपल्या रानात आलीच कशी? आमच्या आज्याच्या टायमाला नव्हती म्हणत्यात.

गुरांचा डॉक्टर
पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीची ती. तिथून मादागास्कर, मॉरिशस अशी बेटं ओलांडत आली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रजानं मॉरिशसहून काही जिवंत कलकत्त्याला आणल्या आणि तिथल्या एका बागेत सोडल्या गेल्या. मग रोपं, माती, लाकूड, सगळ्याबरोबर पसरत गेली. एका वेळी साबुदाण्यासारखी शेकडो अंडी घालते.

हिच्यावर उपाय म्हणून पॅसिफिकमधल्या बेटांवर लोकांनी एक शिकारी गोगलगाय आणली, गोगलगायी खाणारी. मूरेआ बेटावर ती १९७७ मध्ये सोडली. तिनं अकॅटिना राहू दिली आणि बेटावरच्या मूळच्या, झाडांवर राहणाऱ्या पार्टुला गोगलगायी फस्त केल्या. दहा वर्षांत रानात एक पार्टुला उरली नाही. थोड्या आधीच उचलून प्राणिसंग्रहालयात ठेवल्या होत्या म्हणून वंश राहिला. अलीकडच्या काळात त्या परत बेटांवर नेऊन सोडतायत.

म्हणून मी म्हणतो, सगळ्या गोगलगायी सारख्या हे ज्यांनी धरलं त्यांनीच मोठं नुकसान केलं. उपद्रवी कोण आणि निरुपद्रवी कोण हे त्या मुलीला ओळखता आलं तर तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर झालं.

रोखठोक
डॉक्टर, ही मूरेआची गोष्ट मला माहीत नव्हती. तरी माझा मुद्दा कायम आहे, आधी माणूस. पण बारवेतली ओळखायला शिकवा या म्हणण्याला माझी हरकत नाही. ते आपलंच पाणी आहे.

किगोमा ते केज
रोखठोक, तिकडंही आधी माणूसच आहे हो. टांझानिया, कांगो, बुरुंडी, झांबिया, चार देशांतले लाखो लोक त्या पाण्यावर जगतात. डोंगरउतारावरची झाडं तुटली, पावसात लाल माती वाहून काठाच्या पाण्यात येते. आमच्या कामाच्या जागेखाली मी स्वतः बघितलं, एका पावसाळ्यात तळाचे दगड दिसेनासे झाले. शंखांचे थर त्या गाळाखाली गेले की मासा घर कुठं शोधणार?

काळा पाषाण
आणि गोगलगायींना खाली पळायला जागा नाही. एवढं खोल सरोवर, पण प्राणवायू वरच्या थरातच. उत्तरेला साधारण १०० मीटर, दक्षिणेला २०० च्या आसपास, त्याखाली पाणी श्वास घेण्याजोगं नाही. पाणी तापलं की वरचा आणि खालचा थर मिसळत नाहीत, आणि प्राणवायू पोचतो तो तळाचा पट्टा आणखी आकसतो. गेल्या शतकात पाणी तापलेलं आहे. एवढा मोठा सागर, पण हिचं घर म्हणजे काठाकाठानं गेलेली एक चिंचोळी पट्टी.

पूर्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आता पुढचं सांगते.

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन गावच्या बारवेवर गेले. पाणी तळाशी, पायऱ्या निसरड्या, म्हणून दोघींनाच खाली पाठवलं. त्या मागच्या बाकावरच्या मुलीनंच पायरीच्या सांदीतून चार गोगलगायी आणल्या. हिरवट कवच, पट्टे, दार लावल्यासारखं झाकण. बरणीत बारवेचंच पाणी, थोडं शेवाळ.

सोमवारी सकाळी बरणीच्या काचेला ज्वारीच्या दाण्याएवढे सात ठिपके चिकटलेले. मी आधी घाण समजले. भिंग लावलं तर सात पिल्लं, कवचासकट, शिंगं बाहेर काढून चाललेली! ही अंडी घालत नाही, पिल्लं पोटात वाढवून बाहेर सोडते. तिची टांगानिकातली बहीणही तशीच. नर ओळखायचीही खूण आहे, त्याचं उजवं शिंग डाव्यापेक्षा आखूड आणि जाड. चारपैकी एक नर निघाला. मुलीनं तो स्वतः शोधला.

तिला मी सांगितलं: अकॅटिना आबांनी इथं मारली तरी जगभर उरते. निओथॉमाला दुसरं गाव नाही. आणि तिच्या शंखात भाड्यानं राहणारे मासे आहेत, त्यांनाही दुसरं गाव नाही. ती बराच वेळ बरणीकडं बघत होती. मग म्हणाली, "मग ह्या सात जणींना परत बारवेत सोडायचं ना?" सोडलं.

सोयाबीनवाला
वाचून बरं वाटलं मॅडम. काचपेटी भाऊ, तुमाला एक इचारायचं राहिलं. तुमच्याकडं ती टांगानिकाची गोगलगाय नसनार, मग माशाला शंख कोनता देता?

काचपेटी
निओथॉमाचे शंख इथं मिळत नाहीत दादा. तळ्यातल्या मोठ्या गोल गोगलगायीचे रिकामे शंख वापरतो, कधी बाहेरचे विकत घेतो, महाग पडतात. अंगठ्याएवढं तोंड असलेला कुठलाही स्वच्छ शंख माशाला चालतो. आपलं बोअरचं जड पाणी तर या माशांना फारच मानवतं.

सोयाबीनवाला
मग माज्या बांधाला या. त्या सालचे शंख अजून पडल्यात, पांढरे झाल्यात, बारके मोठे समदे. एक पोतं सहज भरंल. पैसे नकोत, पोतं तेवढं तुमचं आना.

काचपेटी
दादा, पुढच्या रविवारी येतो. गोळ्या टाकलेल्या जागचे नको, मिठाच्या पाण्यात मेलेल्यांचे वेगळे निघतील का? मी आणून तीनदा उकळीन, आठवडाभर पाणी बदलत भिजत ठेवीन, मगच पेटीत टाकीन.

सोयाबीनवाला
खालच्या पट्टीला गोळ्या टाकल्याच नव्हत्या, तिथलेच देतो. औशाच्या फाट्यावर उतरून फोन लावा, गाडी घिऊन येतो.